दोन मिनिटांचं गाऱ्हाणं

अख्ख्या गिरणगावात माझ्याइतकी जहाजं कुणाकडे नाहीत. सत्तर! आणि तीही होड्या-बिड्या नव्हेत, कंटेनर वाहणारी अवाढव्य जहाजं. त्यातलं एखादं आमच्या करी रोडच्या गल्लीत आणून ठेवलं, तर त्याचं नाक आमच्या बिल्डिंगच्या दारात आणि शेपूट पार भारतमाता सिनेमाच्या सिग्नलला! लोकांना गाडी उभी करायला जागा मिळत नाही, मी सत्तर जहाजांच्या गोष्टी करतो.

आता 'माझी' म्हणजे माझ्या कंपनीची. कंपनी परदेशी आहे. नाव सांगत नाही, कारण अजून तिथेच नोकरी करतो. आणि नोकरी म्हणजे लोअर परळच्या ऑफिसात, सातव्या मजल्यावर, खिडकीपासून चौथ्या टेबलावर. जहाजावर कंटेनर चढला की त्याचा कागद निघतो. त्या कागदावर कंटेनरचा नंबर, सीलचा नंबर, मालाचं वर्णन बरोबर आहे का, हे मी तपासतो. चौदा वर्षं तपासतोय. लाखभर कंटेनर माझ्या नजरेखालून गेले असतील. त्यातल्या एकालाही मी अजून हात लावलेला नाही.

पण हे घरी माहीत नव्हतं. म्हणजे माझ्या बायकोला, श्रेयाला, माहीत होतं. बायकोपासून काय लपतं? माहीत नव्हतं ते धोंडूकाकांना.

धोंडूकाका माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. मी सहा वर्षांचा असताना वडील गेले आणि काकांनी मला वाढवलं. गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवून, गिरणी बंद पडल्यावर वॉचमनची नोकरी करून वाढवलं. ही नोकरी लागली तेव्हा काकांनी विचारलं होतं, "विन्या, म्हणजे थय तू करतलस काय?" मी बावीस-तेवीस वर्षांचा, अंगात मस्ती. "जहाजं सांभाळणार!" म्हणून मोकळा झालो. काकांचा चेहरा असा फुलला, की नंतर खरं सांगायचं धैर्यच झालं नाही. पुढे माझं खोटं दरवर्षी पगारापेक्षा जास्त वाढत गेलं.

त्यात आमची चाळ पाडून टॉवर झाला आणि आम्हाला एकोणिसावा मजला मिळाला. हवा स्वच्छ असली की खिडकीतून पूर्वेकडची खाडी दिसते. काकांनी चोरबाजारातून एक जुनी दुर्बीण आणली. तेव्हापासून आमची रोजची सकाळ ठरलेली. काका दुर्बीण डोळ्यांना लावून विचारणार, "आपलां खयचां रे?" आणि मी चहाचा कप हातात घेऊन दिसेल त्या जहाजाकडे बोट दाखवणार, "तां काका, तां! तां आपलां!"

"मोठां असा रे!" काका म्हणणार. मग त्यांचा दिवस सुरू.

एवढ्यावर न थांबता मी त्यांच्या वाढदिवसाला त्यांच्या फोनमध्ये एक ॲपही घालून दिलं. समुद्रावरचं कुठलं जहाज कुठे आहे, काय काम करतं, हे त्यात मराठीत दिसतं. काका फोनवर गुड मॉर्निंगच्या फुलांपलीकडे जात नाहीत, हे मला माहीत होतं. नुसती छाप पाडायची होती!

पण काका आता एक्याऐंशी वर्षांचे झाले. कधीतरी कुणीतरी त्यांना सांगणार, की तुमचा विन्या टेबलावर बसून नंबर तपासतो. ते कळायच्या आत खोट्याचं खरं करायचं, एवढी एकच इच्छा माझ्या मनात होती. आणि अगदी तेव्हाच ऑफिसात बोर्डिंग ऑफिसरची जागा निघाली!

बोर्डिंग ऑफिसर म्हणजे जहाज बंदरात आलं की कागद घेऊन पहिला वर चढणारा माणूस. डोक्यावर हेल्मेट, अंगात चमकणारं जॅकेट, कॅप्टनशी हस्तांदोलन! कधी लाँचमधून भर समुद्रात जाऊन शिडीने चढायचं. अर्ज दोघांचे होते. एक माझा, दुसरा शेजारच्या टेबलावरच्या निलेशचा. निलेश वरळीचा. दर रविवारी भावाच्या होडीतून मासे धरायला जातो. फॉर्ममध्ये एक प्रश्न होता : 'समुद्रप्रवासात मळमळ होते का?' मी ठसठशीत अक्षरात 'नाही' लिहिलं. मग तो फॉर्म एक रात्र देव्हाऱ्यात ठेवला. मनात थोडी धाकधूक होती ना!

एके दिवशी आमचे साहेब, हितेंद्रभाई, यांनी सगळ्यांना बोलावलं. हितेंद्रभाई मूळचे गुजराती, पण जन्म गिरगावातला. मराठी आपल्यापेक्षा फर्डं.

"कंपनीचं सगळ्यात नवीन जहाज पुढच्या गुरुवारी न्हावाशेव्याला पहिल्यांदा लागतंय. मुख्य कचेरीतून लार्सनसाहेब व्हिडिओवर येणार. जहाजावरून कॅप्टन व्हिडिओवर येणार. इथे आपण काहीतरी करायचं. काहीतरी आपलं, इथलं. दरवेळी तोच केक नको. कुणाला काही सुचतंय?"

मला सुचलं. न सुचतं तर किती बरं झालं असतं!

"सर, आमच्या कोकणात कुठलंही शुभकार्य गाऱ्हाण्याशिवाय होत नाही. देवाला हाक मारायची, आपलं म्हणणं मांडायचं, आणि जमलेल्या सगळ्यांनी प्रत्येक वाक्याला 'होय म्हाराजा' म्हणायचं. माझे काका अस्सल गाऱ्हाणं घालतात. दोन मिनिटांत बसवतो. इंग्रजीत सांगायला मी आहेच!"

हितेंद्रभाई खूश झाले. बाहेर पडताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जमव हे नीट. मग त्या बोर्डिंगचं मी बघतो."

मला तिथेच डोक्यावर हेल्मेट जाणवायला लागलं.

घरी आल्यावर काकांना सांगितलं. काका गंभीर झाले. "गाऱ्हाणां घालतंय. पण एक सांगान ठेवतंय. गाऱ्हाण्यात खोटां चलणा नाय. देवाच्या म्होरे सगळां जसां असा तसां ठेवचां लागता."

"हो काका, हो! हे घ्या, मी लिहून आणलंय." मी आठ वाक्यांचा कागद त्यांच्या हातात दिला. घड्याळ लावून मोजलेलं, एक मिनिट पन्नास सेकंद! काकांनी कागद न उघडता घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला.

श्रेया भांडी लावत होती. म्हणाली, "विनीत, काकांनी जन्मात कधी दोन मिनिटांत गाऱ्हाणं संपवलंय? आपल्या लग्नात गाऱ्हाणं होईपर्यंत भटजींनी दोनदा चहा घेतला होता."

"ते गावाकडे. हे ऑफिस आहे!" मी म्हटलं. आणि तयारीत काही कसर नको म्हणून सगळ्या ऑफिसला मेल केला : काका थांबले, की सर्वांनी एका सुरात 'होय म्हाराजा' म्हणायचं. आवाज खणखणीत हवा. कुणीही गप्प राहू नये.

मेल लार्सनसाहेबांनाही पाठवला. इंग्रजी अक्षरांत, उच्चारासकट.

गुरुवारी दुपारी काका पांढरं धोतर, काळी टोपी आणि हातात पानविडा-नारळाची पिशवी घेऊन ऑफिसात आले. लिफ्टमधून बाहेर पडताच त्यांनी भोवती नीट पाहून घेतलं. "ही गिरणीचीच जागा मा रे? तुझां ऑफिस असा ना, थय आमचो विडी वढूचो कोपरो होतो." रिसेप्शनवरच्या प्रितीने त्यांना पाणी दिलं. काकांनी तिला आशीर्वाद दिला आणि तिचं गाव विचारलं. सगळं कसं झकास चाललं होतं!

मोठ्या हॉलमध्ये चाळीस माणसं जमली. भिंतीवर भला मोठा पडदा. त्याच्या एका अर्ध्यात लार्सनसाहेब, पिकल्या दाढीचे, टाय लावून. दुसऱ्या अर्ध्यात जहाज! डेकवर कॅप्टन, आणि त्याच्या बाजूला नारिंगी कपड्यांतला एक काळासावळा माणूस हातात नारळ घेऊन उभा. तो खलाशांचा मुकादम. कॅप्टनने ओळख करून दिली : रामजी तारी, गाव देवगड.

देवगड म्हणजे आमच्या गावाशेजारचंच. मला आनंद झाला. तो आनंद सहा मिनिटं टिकला.

काकांनी विडा ठेवला, हात जोडले, डोळे मिटले. गिरणीच्या भोंग्यावर मात करायची सवय असलेला तो आवाज. त्यांना माइक दिला होता, त्याची काही गरज नव्हती.

"बा देवा कुणकेश्वरा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" चाळीस जणांनी मेल वाचला होता.

"आज ह्या ठिकाणी, सातव्या माळ्यावर, तुझी लेकरां तुका गाऱ्हाणां घालूक जमली असत!"

"होय म्हाराजा!"

मी इंग्रजीत सांगितलं. लार्सनसाहेबांनी मान डोलावली.

"ह्यां नवीन जहाज सोळा हजार डबे घेऊन चलता. वारो, वादळ, धुकां, चोर-चिलटां, कोणाची वाईट नजर, सगळां बाजूक कर! जहाजावरच्या पोरांका सुखरूप आपापल्या घराक पोचव!"

"होय म्हाराजा!" जहाजावरून रामजी इतक्या जोरात ओरडला, की कॅप्टन दचकला.

मी सांगितलं. लार्सनसाहेबांनी दाढीवरून हात फिरवला. साहेब भारावले होते! हितेंद्रभाईंनी मला लांबून अंगठा दाखवला. घड्याळात एक मिनिट पन्नास सेकंद. आता काका हात खाली घेणार.

काकांनी मोठा श्वास घेतला.

"आता म्हाराजा, ज्येच्यामुळे मी आज हय उभो रवलंय, तो माझो पुतण्यो विनीत! तेचां तुका सगळां म्हायत असा. तरी पण सांगूक व्हयां!"

"होय म्हाराजा!"

कागद खिशातच होता, घडीसकट. मी काकांच्या सदऱ्याची बाही हलकेच ओढली. काकांनी बाही सोडवून घेतली.

"हो गेली चौदा वर्षां माका सांगता, मी जहाजां सांभाळतंय!"

"होय म्हाराजा!"

लार्सनसाहेब माझ्याकडे पाहत होते. मी इंग्रजीत म्हटलं, "माझ्या पुतण्याने चौदा वर्षं जहाजांची सेवा केली आहे."

"खरां म्हणजे तो टेबलार बसान कागद तपासता!"

"होय म्हाराजा!!" ही गोष्ट सगळ्यांना पुरेपूर माहीत असल्यामुळे दिवसभरातला सगळ्यात खणखणीत होकार हाच होता.

"तो बारीकसारीक गोष्टींकडेही लक्ष देतो," मी भाषांतर केलं.

"आजपावत तो एका पण जहाजावर चढाक नाय!"

"होय म्हाराजा!"

"तो... जमिनीवर पाय असलेला माणूस आहे." माझ्या कपाळावरचा घाम चष्म्यावर आला होता.

"एकदा हो रेवसाक जावक लाँचीत बसलो, तर लाँच भाऊच्या धक्क्यावरसून सुटाच्या आधीच ओकलो!"

निलेशचा आवाज मला वेगळा ऐकू आला, "होय म्हाराजा!" आणि लार्सनसाहेबांना आता लय सापडली होती. त्यांनी मूठ वर करून एकट्याने पुन्हा एकदा म्हटलं, "होय म्हाराजा!"

"तो समुद्र शांत राहो अशी प्रार्थना करतो," मी म्हटलं. खोटं नव्हतं. ती प्रार्थना मीच करत होतो.

"आणि कंपनीच्या फॉर्मात तेणां लिवल्यान, माका मळमळ होणा नाय! माका श्रेयान वाचून दाखवल्यान. तां तेचां चुकलां. लेकरू समजान पदरात घे, म्हाराजा!"

या वेळी 'होय' जरा कमी आलं. हितेंद्रभाई माझ्याकडे पाहत होते. त्यांना मालवणी पूर्ण कळत नसेल अशी एक आशा होती, पण 'फॉर्म' हा शब्द सगळ्या भाषांत एकच.

लार्सनसाहेबांनी विचारलं, की हे शेवटचं काय होतं? मी काही बोलायच्या आत जहाजावर गडबड झाली. रामजी पोट धरून हसत होता. कॅप्टनने त्याला विचारलं. रामजीने डोळे पुसत त्याच्या कानात सांगितलं. आणि कॅप्टन हा सरळ माणूस. त्याने माइक जवळ ओढून, आपण हवामानाची खबर देतोय अशा आवाजात, लार्सनसाहेबांना सगळं सांगून टाकलं. हा भाषांतर करणारा गृहस्थ कागद तपासतो. तो कधी जहाजावर चढलेला नाही. धक्क्याला बांधलेल्या लाँचमध्ये त्याला उलटी होते. आणि फॉर्ममध्ये त्याने 'नाही' लिहिलं आहे.

हॉलमध्ये एसीचा आवाज ऐकू येत होता. मला वाटलं, खाली कुठेतरी तो विडी ओढायचा कोपरा अजून असेल, तर तिथे जाऊन बसावं.

काकांना इंग्रजी येत नाही. मिटलेल्या डोळ्यांनी त्यांना वाटलं, लोक शांत झालेत म्हणजे पुढचं ऐकायचंय. त्यांनी आवाज जरा खाली आणला.

"म्हाराजा, रोज सकाळी हो माका खिडकीतसून जहाजां दाखवता. म्हणता, काका, तां आपलां! तेणांच माझ्या फोनात तां जहाजांचां घालून दिल्यान. मी तेच्यात बघलंय. एक तेलाचां, एक कोळशाचां, एक गाळ काढूचां. आपलां एक पण नाय."

जहाजावरून रामजी तेवढा हळूच म्हणाला, "होय म्हाराजा."

"माका पयल्याच दिवशी कळलां. पण तो दाखवता आणि मी बघतंय. माझो दिवस बरो जाता. तां खोटां तेणां माझ्यासाठी केल्यान, स्वतःसाठी नाय. तेचां माप तेच्या पदरात घालू नको. तेका एकदा तरी खऱ्या जहाजावर चढव, म्हाराजा! आणि तो ओकलो, तर वाऱ्याच्या तोंडार ओकूक देव नको!"

मग त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. "सांग रे सायबाक. थांबलस कित्याक?"

लार्सनसाहेब वाट पाहत होते. मी चष्मा पुसला. आणि पहिल्यांदाच शब्दाला शब्द ठेवून सगळं सांगितलं. खिडकी, दुर्बीण, चहा, गाळ काढायचं जहाज, सगळं. मला लाज वाटत होती. आणि इतकं हलकंही वाटत होतं, की काही विचारू नका.

लार्सनसाहेब खुर्चीतून उठून उभे राहिले, हात जोडले आणि काकांकडे पाहून म्हणाले, "होय म्हाराजा."

मग काय! चाळीसच्या चाळीस जण ओरडले. तिकडे रामजीने डेकवर नारळ फोडला, पाणी कॅप्टनच्या बुटांवर उडालं, आणि जहाजाचा भोंगा वाजला. काका पडद्याकडे बघत म्हणाले, "गिरणीच्या भोंग्यापेक्षा बारीक असा. पण बरो असा."

संध्याकाळी हितेंद्रभाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"विनीत, बोर्डिंग ऑफिसर निलेश होणार. ते तुला कळलंच असेल."

"हो सर."

"फॉर्मचं मी पुढे नेत नाही. लार्सनसाहेबच म्हणाले, देवाकडे प्रकरण गेलंय, आपण मध्ये पडायला नको." हितेंद्रभाई हसले. "पण त्यांचा आणखी एक हुकूम आहे. यापुढे प्रत्येक नव्या जहाजाला गाऱ्हाणं. आणि व्हिडिओवर नाही, जहाजावर जाऊन. पुढच्या महिन्यात एक येतंय. तुझ्या काकांचा पास काढतोय."

"आणि माझा सर?"

"काढतोय ना. पासवर 'सोबती' लिहिलंय. काकांची पिशवी धरायची आणि भाषांतर करायचं. खरं भाषांतर हं!"

घरी श्रेयाला सांगितलं. तिने कपाटातून मळमळीच्या गोळ्यांचं पाकीट काढून माझ्यासमोर ठेवलं. "जहाज धक्क्याला बांधलेलं असेल, हे मला माहीत आहे," ती म्हणाली, "तरीही दोन घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी हवा स्वच्छ होती. मी चहा घेऊन खिडकीशी गेलो. काका दुर्बीण लावून बसलेच होते.

"आपलां खयचां रे?"

मी ठरवूनच आलो होतो. आता खोटं बंद! "काका, त्यातलं एकही आपलं नाही. आपलं काल रात्रीच सुटलं."

काकांनी दुर्बीण खाली केली. मला वाटलं होतं, शाबासकी मिळेल. काका वैतागले!

"इतकी वर्षां बरां चल्लेलां! आता ह्या वयात मी खिडकीत बसान काय करू? कबुतरां मोजू?"

मी चहाचा घोट घेतला. बाहेर पाहिलं. खाडीत, लांब, एक गंजकं, बसकं जहाज संथपणे चाललं होतं.

"तां काका," मी बोट दाखवलं. "तां बघा. तां आपलां!"

काकांनी दुर्बीण पुन्हा डोळ्यांना लावली आणि बराच वेळ पाहत राहिले. त्यांचा फोन मांडीवर उघडाच होता. त्यावर त्या जहाजाचं नाव होतं, देश होता, आणि खाली काम लिहिलं होतं : गाळ काढणे.

"मोठां असा रे!" काका म्हणाले.

"होय म्हाराजा," मी म्हटलं, आणि ऑफिसला निघालो. चौथ्या टेबलावर.